बर्फाच्या खोलीतली खुर्ची

अमरावती,
१० फेब्रुवारी २०१३

चंदे,

तुझं पत्र आलं तेव्हा अम्मी म्हणाली, "या पोरी अजून चिठ्ठ्या लिहितात, चांगलं आहे." तुमच्या घरचा मोबाईल तुझ्या भावाच्या, कुलदीपच्या खिशात असतो आणि आमच्या घरचा माझ्या भावाच्या, तौहीदच्या, म्हणून आपण लिहितो, हे मी तिला सांगितलं नाही.

मी नेमकं काय करते ते तुझ्या बाबांना समजेल असं लिही म्हणालीस. तर ऐक. एम.एस्सी. झाल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत ठेवून घेतलं. आमच्याकडे पांढरे उंदीर आहेत आणि फ्रिजसारखं एक थंड कपाट. उंदीर कपाटात ठेवायचे आणि त्यांचं वजन, खाणं, अंगाची ऊब टिपून घ्यायची. लोडशेडिंग झालं की कपाट तापतं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे झालं काम. आता त्यामागची गोष्ट.

थंडी वाजली की आपण थरथरतो. थरथरताना स्नायू काम करतात म्हणून तापतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्नायू जरासुद्धा न हलता तापू शकतात. भातकुलीला मामूंच्या विहिरीवरची मोटर आठव. एकदा तिचा पाइप मधेच फाटला होता. मोटर पाणी वर ओढायची आणि ते तिथूनच परत विहिरीत पडायचं. वावरात थेंब नाही, पण मोटर हात लावू देत नव्हती इतकी तापलेली, आणि विजेचं बिल पूर्ण. आपल्या स्नायूंत असेच फार बारीक पंप असतात. ते कॅल्शियम ओढून एका कप्प्यात भरतात. एक चिमुकलं प्रथिन पंपाला येऊन चिकटलं, की कॅल्शियम परत गळतं आणि पंप मात्र चालूच राहतो. काम काही नाही, खर्च सगळा, आणि त्या खर्चाची उष्णता. हे बिल भरतं कोण? अंगातली साखर आणि चरबी.

परदेशात असे उंदीर तयार केले ज्यांच्यात हे प्रथिनच नाही. ते थंडीत गारठले, आणि तुपकट खायला दिल्यावर इतरांपेक्षा लवकर जाड झाले. म्हणजे हा गळका पंप माणसात जागा करता आला, तर बसल्या जागी चरबी जळेल. विचार कर, ज्या बायकांचे गुडघे गेलेत, ज्यांना घराबाहेर एकटं फिरायला मोकळीक नाही, त्यांना "रोज चाला" सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी हे काम आहे असं मी मनात धरलं आहे.

औषध निघायला वेळ लागेल. पण थंडीनं हे पंप जागे होतात, एवढं आम्हाला दिसतं. तेव्हा साक्षगंधात लग्न ठरल्यापासून जाड झाले म्हणून रडत बसू नकोस. तुमच्या घरी तर थंडीचा, बर्फाचा कारखानाच आहे. रोज तासभर जाऊन बस तिथे, मूर्तिजापूरची सासरची मंडळी तुला ओळखणार नाहीत.

हसली नसशील तर पत्र परत पाठव.

जेबा


अकोला,
२४ फेब्रुवारी २०१३

जेबा,

मी हसले. बाबा नाही हसले.

तुझं पत्र मीच त्यांना वाचायला दिलं होतं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं, मग आईला स्वयंपाकघरातून बोलावून मोटरीचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. "पाह्य लीला, कसं सोपं करून सांगते पोट्टी. याले म्हन्तात शिक्षण." दुसऱ्या दिवशी बर्फाच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची गेली.

तू आमचा कारखाना पाहिला आहेस, ती खोली पाहिलेली नाहीस. मिठाच्या पाण्याच्या हौदातून बर्फाच्या लाद्या निघाल्या की तिथे रचतात आणि वर गोणपाट टाकतात. दरवर्षी या दिवसांत ती छतापर्यंत भरू लागते. यंदा कापसानं काही हात दिला नाही. खेड्यांत लग्नं देवळाच्या ओट्यावर उरकून राहिली आहेत, मठ्ठ्याला बर्फ कोण नेतो? म्हणून अर्धी खोली रिकामी. त्या रिकाम्या अर्ध्यात मी, प्लास्टिकची खुर्ची आणि पायाखाली एक पोतं. आमचा जुना मशीनवाला देवमन म्हणतो, "चंदाबाई, तिकीट लाव. उन्हाळ्यात आख्खं अकोलं येऊन बसते इथं." बाबांचं म्हणणं, "लोकं पैसे देऊन एसीत बसतात. आपल्या तं घरची थंडी हाय. तुले काय होते बसाले?"

घाई काहून आहे ते तुला ठाऊक आहे. साक्षगंधाच्या दिवशी श्रावणच्या आईनं, माणिकबाईंनी, माझ्या पोलक्याचं माप नेलं. त्यांच्याकडे नवरीची पोलकी सासरी शिवतात आणि लग्नात तीच घालायची असतात. ती शिवून तयार आहेत. आज त्यातलं एकही माझ्या दंडातून वर जाणार नाही. लग्न जूनमध्ये आहे.

खरं सांगते, मी जास्त खात नाही. आई म्हणते झोपून झोपून वाढली. झोप तर अशी येते की डाळ निवडता निवडता डोळे मिटतात. आवाजही जड झाला आहे. परवा फोन मी उचलला तर श्रावण मला "काय साळेबुवा" म्हणाला. घरात सगळे हसले. आणि मी इतकी थंडवडी झाले की भर दुपारी स्वेटर लागतो, अन् बाप मला बर्फात नेऊन बसवतो. लिहिताना गंमत वाटते. बसल्यावर वाटत नाही.

चंदा


अमरावती,
६ मार्च २०१३

चंदे,

तुझं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. मी गमतीनं लिहिलं होतं, आणि काकांनी ते खरं करून दाखवलं. आमच्या कपाटाला लोडशेडिंग आहे, तुमच्या खोलीला बर्फ आहे. आपल्या भागात असं कोणी माणसावर पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आता एक कर. सोबत थर्मामीटर पाठवते आहे. बसण्याआधी आणि उठल्यावर काखेत धर. थरथर सुटते का, किती वेळानं थांबते, ते बघून मला कळव. आणि स्वेटर घालून बसू नकोस बाई, मग थंडीचा उपयोग काय? झोपेचं म्हणशील तर लग्न ठरलेल्या कोणत्या मुलीला काम सुचतं?

सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हातात काहीतरी आलं की सांगेन. मला ते हवं आहे, चंदा. तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. चाचूंनी त्यांच्या शाहनवाजसाठी पुन्हा माझा हात मागितला. अब्बा त्यांना म्हणाले, "बेटी का एक शोध लग जाने दो, फिर देखेंगे." शोध म्हणजे त्यांना लॉटरीसारखा वाटतो, एके दिवशी लागतो. गादी भरायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कापूस पिंजता पिंजता सांगतात की माझी मुलगी मोटाप्यावर इलाज शोधते आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. मी काही न आणता घरी बसले, तर माझ्यामागून धाकट्या नईमाला कोणी कॉलेजात पाठवणार नाही.

तेव्हा आपण दोघी मिळून हे करू.

जेबा


अकोला,
२९ मार्च २०१३

जेबा,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. बोटं लवकर वळत नाहीत.

तू विचारलंस ते सांगते. सुरुवातीला दात वाजेपर्यंत थरथरायची. आता थरथर सुटत नाही. बसलं की सुस्ती येते आणि मग काही वाटत नाही. तुझं थर्मामीटर बिघडलेलं असेल. पारा खालच्या रेषेपाशीच राहतो, आत जाण्याआधीसुद्धा. कुलदीपनं स्वतःच्या काखेत धरलं तर बरोबर चढला. तो म्हणाला, "मशीन बरोबर हाय, हीच आळशी हाय."

वजन उतरलं नाही. वाढलं. म्हणून आता सकाळी आणि दुपारी, दोनदा बसायचं ठरलं आहे. दार उघडं ठेवलं तर बर्फ वितळतो, म्हणून बाहेरून कडी लावतात. आतून उघडायची सोय नाही, लाद्यांना कशाला लागते ती? देवमन मधून मधून दारावर थाप मारतो आणि मी आतून थाप मारते. एकदा मी मारली नाही. मला ऐकूच आलं नव्हतं. तो घाबरून आत आला आणि म्हणाला, "चंदाबाई, झोपू नको वं इथं."

बाहेर लोक कूलरपुढून हलत नाहीत. मला घाम येत नाही. केस विंचरताना फणी भरून जाते. आई म्हणते, लग्नाची चिंता.

बाबा वाईट नाहीत, तुला माहीत आहे. येताना माझ्यासाठी गरम दूध आणतात, खोलीच्या दाराशी उभं राहून स्वतः पाजतात. पण सगळं तुझ्या नावावर चाललं आहे. पुरे झालं असं तू लिहिलंस तर ते ऐकतील. मी म्हटलं तर ऐकत नाहीत.

चंदा


अमरावती,
८ एप्रिल २०१३

चंदे,

थरथर थांबली हे वाचून मी उडीच मारली. तू घाबरलीस, आणि मी मात्र याचीच वाट पाहत होते. आमचे उंदीरसुद्धा थंडीत सुरुवातीला थरथरतात आणि मग थांबतात. थांबतात याचा अर्थ त्यांचे स्नायू आता न हलता तापायला शिकले. मोटर गरम होऊ लागली. तुझ्यातही तेच सुरू झालं आहे.

थर्मामीटरचं मनावर घेऊ नकोस, काखेत ते नीट धरावं लागतं. वजन वाढलं ते अंगात पाणी साठल्यामुळे असू शकेल. कडी लावतात हे मला आवडलं नाही. कोणीतरी दाराशी थांबलं पाहिजे, हे काकांना माझ्या वतीनं सांग. बाकी आता सोडू नकोस, इतकं पुढे आल्यावर. हे पत्र काकांना वाचायला दे.

जेबा


अकोला,
२७ एप्रिल २०१३

जेबा,

पत्र दिलं वाचायला. बाबांनी कुलदीपला, आईला, देवमनला वाचून दाखवलं. देवमन दाराशी स्टूल टाकून बसतो आता.

मी थंडी वाजते म्हटलं की कुलदीप म्हणतो, "वाजू दे, मोटर गरम होऊन राहिली." मी सुस्ती येते म्हटलं की बाबा म्हणतात, "जेबानं लिवलं हाय, चांगलं लक्षण हाय." आधी माझं कोणी ऐकत नव्हतं. आता ऐकतात आणि तुझ्या पत्रातून त्याचा अर्थ काढतात. मी काय बोलावं ते सांग.

माणिकबाईंना बाबांनी कळवलं आहे की मुलीवर संशोधनाचा इलाज सुरू आहे. चेहरा सुजल्यासारखा दिसतो. लिहायचं होतं ते आणखी काही होतं. आठवत नाही.

चंदा


अमरावती,
४ मे २०१३

भगवंतकाका आणि चंदा,

हे पत्र दोघांसाठी आहे. मी काल दोनदा फोन केला. कुलदीपनं उचलला आणि म्हणाला, ती खोलीत आहे, रात्री बोल. रात्री फोन बंद होता. म्हणून लिहिते.

चंदाला आजपासून बर्फाच्या खोलीत बसवू नका. एक दिवसही नाही.

काल आमच्या कपाटात एक उंदीर शांत बसलेला होता. थरथरत नव्हता. मी लिहून टाकलं की यानं थंडीशी जुळवून घेतलं. सरांनी तो उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो गार होता, काका. बोट लावलं तरी त्यानं अंग आवळून घेतलं नाही. सर म्हणाले, "हा त्या दुसऱ्या गटातला, थायरॉइड काढलेला. याच्यात ऊब करायची ताकदच उरलेली नाही. थरथर थांबली म्हणजे जुळवून घेतलं असं कोणी सांगितलं तुला?" मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तेच चंदाला सांगितलं होतं.

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून येणारा रस स्नायूंच्या पंपांना चालण्याचा हुकूम देतो. तो कमी पडला की माणूस कमी खाऊनही फुगतं, त्याला झोप येते, आवाज जड होतो, केस गळतात, उन्हाळ्यात थंडी वाजते. चंदानं मला हे सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी ते सोडून फक्त मला हवं होतं तेवढं वाचलं. थंडी निरोगी अंगाकडून ऊब मागते. जिच्यात ती तयारच होत नाही तिला बर्फात बसवलं तर ती बेशुद्ध पडू शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं.

रक्ताची एक साधी तपासणी असते, अकोल्यात होते. निघालं तर रोज एक गोळी, कदाचित आयुष्यभर, पण माणूस बरं होतं. कृपा करून उद्याच न्या. माझ्या आधीच्या पत्रांत जे लिहिलं ते चुकीचं होतं.

जेबा


अकोला,
९ मे २०१३

बेटी जेबा हिला भगवंतराव याचा आशीर्वाद पोचावा.

तुझं पत्र मिळालं. चंदाला दाखवलं नाही, ती आधीच घाबरट आहे. तू लहानपणी इथे आमच्या गल्लीत चंदासोबत खेळली, तुझ्या वडिलांनी आमच्या लीलाच्या बाळंतपणाची गादी भरून दिली, म्हणून परक्यासारखं लिहीत नाही.

एका महिन्यात तू म्हणते थंडी चांगली, दुसऱ्यात म्हणते थंडी वाईट. मी शिकलेला माणूस नाही, पण हौदात मीठ टाकल्यावर अर्ध्यात काढता येत नाही एवढं समजतं. मूर्तिजापूरला मी शब्द दिला आहे. आयुष्यभर गोळी खाणारी सून कोण करतं? लग्न झालं की श्रावण तिला पाहिजे त्या डॉक्टराकडे नेईल. तोवर गळ्याचं नाव काढू नये.

माणिकबाई विचारतात की इलाज कसा चालला. तू एक काम कर. तुझ्या हातानं त्यांना दोन ओळी लिही, कॉलेजच्या शिक्क्यासहित, की इलाज बरोबर आहे आणि पोरीला काही दुखणं नाही. तुझ्या लिहिण्यावर सगळे विश्वास ठेवतात. एवढं केलं तर पोरीचं घर बसेल.

भगवंतराव


अकोला, कारखान्याच्या फाटकाशी,
१४ मे २०१३

चंदे,

मी आज अब्बांना घेऊन तुमच्याकडे आले होते. काकू म्हणाल्या तू दर्यापूरला मावशीकडे गेली आहेस. अब्बांना पाणी दिलं, चहा दिला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. दर्यापूर खरं असेल तर बरं, तिथे बर्फ नाही. देवमनकाका म्हणतात, "चिठ्ठी दे, मी पोचवतो." उभ्यानं लिहिते आहे.

तुझ्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत बिघाड असावा असं मला वाटतं. रक्त तपासून कळेल. मी बाबांना लिहिलं होतं, ते तुला दाखवलेलं नाही. थंडीत बसू नकोस. मी लिहिलेलं सगळं विसर. तुला थंडी वाजते, हे माझ्या सगळ्या पत्रांपेक्षा खरं आहे. त्यांनी मागितलेलं पत्र मी माणिकबाईंना लिहिणार नाही.

अब्बा रस्त्यात उभे आहेत, बस निघेल.

जेबा


अकोला,
२३ मे २०१३

जेबा,

तू फाटकाशी उभी राहून लिहिलंस तेव्हा मी तिथून हाकेवर होते. दर्यापूरला नव्हते. खोलीत होते.

लाद्या ठेवायला देवमन आत आला आणि चिठ्ठी माझ्या मांडीवर टाकून गेला. मला ती वाचायला फार वेळ लागला, अक्षरं धरून ठेवता येत नव्हती. पुन्हा दार उघडलं तेव्हा मी उठले आणि बाहेर चालू लागले. कोणी धरलं नाही. मी पळत असते तर धरलं असतं. मी पळू शकत नव्हते.

ज्या ओट्यावरून लाद्या गाडीत चढवतात तो तुला आठवतो ना, ज्यावर सावली नाही. तिथे जाऊन बसले. शाल गुंडाळून. फरशीवर पाय ठेवता येत नव्हता म्हणतात इतकं ऊन होतं, मला ते बरं वाटलं. लग्नासाठी बर्फ न्यायला आलेले लोक होते, लस्सीवाला होता, गोळेवाले होते. सगळे डोक्याला दुपट्टे बांधून भिंतीच्या सावलीत, आणि मालकाची पोरगी शाल घेऊन उन्हात. लस्सीवाला म्हणाला, "काय वं बाई, ताप आला का?" मी म्हटलं, "नाही भाऊ, थंडी वाजून राहिली." कुलदीप येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "उठ, लोकं पाहून राहिले." मी म्हटलं, "पाहू दे. मी आता आत जात नाही." तो बाबांना घेऊन आला.

बाबा रागात होते. मी फक्त हात पुढे केला. त्यांनी तो धरला, सोडला, पुन्हा धरला. त्यांनी जन्मभर लादीला हात लावून ती पक्की झाली की नाही ते सांगितलं आहे. मग माझं पाऊल धरून पाहिलं. तिथेच उन्हात खाली बसले आणि देवमनला म्हणाले, "रिक्षा बोलाव."

तू लिहिलंस तेच निघालं. डॉक्टर बाबांना म्हणाले, "इला बर्फात काहून बसवली होती, राव? हातची गेली असती." बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. म्हणाले, "माह्या डोक्यानं बसवली." गोळी सुरू झाली. सकाळी उपाशी पोटी घ्यायची. सुधारायला वेळ लागेल असं सांगितलं आहे.

खोली सुटली. बाकी काही सुटलं नाही. रिपोर्ट बाबांनी जाळला. मूर्तिजापूरला काहीही कळवायचं नाही असं ठरलं आहे.

चंदा


अमरावती,
३० मे २०१३

चंदे,

मी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. कपाटाची किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "आधी तिला बरी होऊ दे, मग ठरवू तू इथे राहायचं की नाही." अब्बांनाही सांगितलं. ते कापूस उकलता उकलता म्हणाले, "गिऱ्हाइकांना मी काय सांगू आता?" चाचूंनी मात्र लगेच ऐकलं. शाहनवाजचं बोलायला रविवारी ते येणार आहेत.

तो पंप खरा आहे, चंदा. त्यातून कोणाला तरी उद्या औषध मिळेल असं मला अजूनही वाटतं. पण उंदराचं माणसावर आणि एका माणसाचं दुसऱ्यावर लावायला मला कोणी सांगितलं नव्हतं. माफ कर असं लिहून मी मोकळी व्हायला नको, म्हणून ते लिहीत नाही.

गोळी एक दिवसही चुकवू नकोस, आणि लग्नानंतर लपवून घ्यायची वेळ आली तर काय करशील, त्याचा आतापासून विचार कर. श्रावणला तू सांगणार आहेस का? मी सांगू का असं विचारणार होते, पण आता मी तुझ्याबद्दल कोणाला काही लिहिणार नाही.

जेबा


अकोला,
५ जून २०१३

जेबा,

तू विचारलंस त्याचं उत्तर आज दुपारपर्यंत माझ्याजवळ नव्हतं.

गोळ्या बाबा त्यांच्या कपाटात ठेवतात, कुलूप लावून. पाहुणे येतात, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. रोज सकाळी स्वतः एक काढून माझ्या हातावर ठेवतात, पाण्याचा गिलास धरतात. आधी दूध धरायचे तसेच. मी गिळेपर्यंत हलत नाहीत. त्यांना रडू येतं असं मला वाटतं. आई म्हणते, "लग्नानंतर विचारलं तं ताकदीची गोळी म्हनजो." मीही मनात पाठ करत होते. ताकदीची गोळी.

आज बाबा मांडवाचं ठरवायला पहाटेच मूर्तिजापूरला गेले आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली. आई म्हणाली, "एक दिवस नाही घेतली तं काय होते?" एका दिवसानं काही होत नसेलही. पण मला दिसलं की सासरी माझा प्रत्येक दिवस असाच जाईल. किल्ली कोणाच्या तरी खिशात, आणि ते येईपर्यंत मी थांबायचं.

मी साडी बदलली आणि बाजारात गेले. इतकं चालायची सवय राहिली नाही, दोनदा दुकानांच्या पायरीवर बसले. मेडिकलवाला बाबांचा ओळखीचा. दुकानात मूर्तिजापूरकडचीच दोन माणसं उभी होती, त्यातल्या एकाला मी साक्षगंधात पंगतीत वाढलं होतं. त्यानं मला ओळखलं. मला परत फिरता आलं असतं. मी गोळीचं नाव सांगितलं. मेडिकलवाला म्हणाला, "थायरॉइडची? कोनासाठी पाह्यजे, आईसाठी का?" माझा आवाज अजून जडच आहे, सगळ्या दुकानाला ऐकू गेला असेल. मी म्हटलं, "माझ्यासाठी."

मूर्तिजापूरकडच्या त्या माणसानं मला वाट करून दिली आणि खिशातून फोन काढला.

आता संध्याकाळ होते आहे. श्रावणचा फोन आलेला नाही. माणिकबाईंचा आला होता, आईनं घेतला, तेव्हापासून ती देवघरात बसून आहे आणि माझ्याशी बोलत नाही. काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. लग्न राहील की नाही, हेही माहीत नाही. कुलदीप दोनदा येऊन मी टेबलावर ठेवलेल्या गोळ्यांकडे पाहून गेला. म्हणाला, "बाबा यायच्या आधी उचल थे." मी म्हटलं, "तू उचल." त्यानं हात लावला नाही.

स्वयंपाक मीच केला आहे. बाबांचं ताट वाढून ठेवलं आहे. त्यांना सगळं तिकडेच कळलं असेल. मला भीती वाटते, जेबा, नाही असं नाही. बाबांना काय वाटेल याची जास्त वाटते.

फाटकाशी गाडी थांबली. गोळ्यांची पट्टी टेबलावर आहे, त्यांच्या ताटाशेजारी. मी ती उचलत नाही.

चंदा